समेवर कोण आणते?

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालू आहे. एक मुलगी पेटीवर चाल धरते, एक मुलगा तबल्यावर केरवा वाजवतो आणि मागे बसलेली चार-पाच मुले टाळ्या देतात. आठ मात्रा संपल्या की पहिली मात्रा पुन्हा येते. या फेरीला आपण आवर्तन म्हणतो आणि जिथे सगळ्यांनी एकत्र पोचायचे त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतो. कोणी समेच्या जरासे आधी किंवा नंतर पोचले, तर ताल न शिकलेल्या माणसालाही काहीतरी खटकते.

आता समजा, मुलगी एकटीच आहे. ती आठ मात्रा टाळ्या वाजवते. संगणक त्या टिपून घेतो आणि न थांबता पुन्हा पुन्हा ऐकवू लागतो. त्या टाळ्यांच्या साथीने ती खंजिरी वाजवते. तोही थर आधीच्या थरावर चढतो. मग ती गुणगुणते आणि तिसरा थर चढतो. पाच मिनिटांत एकटीचा वाद्यवृंद उभा राहतो. ध्वनीच्या अशा फिरत्या तुकड्याला लूप म्हणतात आणि वाजवता वाजवताच लूप रचत जाण्याला लाइव्ह लूपिंग म्हणतात.

हे काम करणारी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. मुक्त स्रोत म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. सूपरलूपर, सॉनिक पाय आणि आर्डर ही त्यांतली तीन ठळक नावे. गेल्या काही वर्षांत त्यांत पुष्कळ नव्या सोयींची भर पडली आहे. अशा सोयींचे परीक्षण करताना किती नवी बटणे आली आणि पडदा किती देखणा झाला याची यादी देण्याची प्रथा आहे. ती यादी आम्ही देणार नाही. शिक्षक म्हणून आपल्याला एकच प्रश्न विचारायचा आहे: या सोयी कोणाची चूक दुरुस्त करतात, यंत्राची की मुलाची?

प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. व्हर्नियर कॅलिपरला शून्यत्रुटी असेल तर ती वजा केलीच पाहिजे. ती उपकरणाची चूक आहे. पण लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण बरोबर ९.८ यावे म्हणून एखादा विद्यार्थी वहीतल्या नोंदी मागाहून 'नीट' करू लागला, तर आपण त्याला थांबवतो. कारण त्या नोंदींतल्या विखुरलेपणातच शिकण्यासारखे असते. संगीताच्या सॉफ्टवेअरलाही आम्ही हीच कसोटी लावून पाहिली.

मागे पडणाऱ्या फितीचे संगीत

लूप ही संगणकाची देणगी नव्हे. १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी तबकडीवरची खाच स्वतःलाच मिळेल अशी करून आवाजाचा तोच तुकडा फिरत ठेवला होता. ज्यांनी जुन्या घरातल्या ग्रामोफोनवर ओरखडा पडलेली तबकडी ऐकली आहे, त्यांना हा परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे चुंबकीय फीत आली. फितीच्या तुकड्याची दोन टोके चिकटवली की झाला लूप. १९६३ साली टेरी रायली यांनी पॅरिसमध्येच दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत नेऊन, पहिल्यावर टिपलेला आवाज काही क्षणांनी दुसऱ्यावर ऐकू यावा अशी व्यवस्था केली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण १९६५ चे आहे. अमेरिकेत स्टीव्ह राइक यांनी एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन सारखे लूप दोन टेपरेकॉर्डरवर एकाच वेळी लावले. दोन्ही यंत्रांचा वेग अगदी सारखा नव्हता. एक लूप हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकू लागला. आधी आवाज नुसता भारल्यासारखा झाला, मग प्रतिध्वनीसारखा आणि मग दोन वेगळे आवाज ऐकू येऊ लागले. राइक यांनी हा फरक दडपला नाही. त्यांनी तो ऐकला आणि 'इट्स गॉना रेन' ही रचना त्यातूनच उभी केली. यंत्राची चूक कानाला स्पष्ट ऐकू येत होती, म्हणून तिचे काय करायचे हे ठरवण्याची संधी माणसाला मिळाली. ही गोष्ट पुढे लक्षात ठेवू.

यंत्राला लागणारा उशीर

संगणक आवाजाचे मोजमाप सेकंदाला हजारो वेळा करतो. सीडीच्या प्रमाणात एका सेकंदाचे ४४,१०० नमुने होतात. पण संगणक हे नमुने एकेक करून हाताळत नाही. त्यांची टोपली भरेपर्यंत थांबतो आणि मग टोपली पुढे सरकवतो. टोपली १,०२४ नमुन्यांची असेल तर ती भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एक टोपली आणि बाहेर जाताना एक, असे धरले तर सुमारे ४६ मिलिसेकंद झाले. ध्वनीचा हवेतील वेग विचारात घेतला, तर सोबतचा वादक सुमारे १६ मीटर लांब जाऊन बसल्यासारखे हे आहे.

एकदाच वाजवायचे असेल तर हा उशीर चालून जातो. लूपमध्ये मात्र तो साठत जातो. पहिला थर ऐकून मूल दुसरा थर वाजवते. तो ४६ मिलिसेकंद मागे टिपला जातो. दुसऱ्या थराला धरून तिसरा वाजवला, तर तो पहिल्यापेक्षा ९२ मिलिसेकंद मागे पडतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची असते. म्हणजे तिसऱ्याच थराला जवळजवळ मात्रेच्या पाचव्या हिश्शाचा फरक पडला, आणि मुलाचा त्यात काही दोष नाही.

जेसी चॅपेल यांनी रचलेल्या सूपरलूपरमध्ये हा उशीर वजा करण्याची सोय आहे. आत येतानाचा उशीर आणि बाहेर जातानाचा उशीर यांचे आकडे त्यात वेगवेगळे ठेवता येतात आणि टिपलेला थर तेवढा मागे नेऊन त्याच्या खऱ्या जागी बसवला जातो. हे आकडे ध्वनियंत्रणेकडून आपोआपही घेता येतात. ही व्हर्नियरची शून्यत्रुटी वजा करण्यासारखीच गोष्ट आहे आणि आमच्या कसोटीला ती पूर्ण उतरते.

त्यात एक उणीव आहे. यंत्रणेने सांगितलेला आकडाच चुकीचा असेल, तर सॉफ्टवेअर तो मुकाट्याने स्वीकारते. म्हणून शिक्षकांनी तो एकदा स्वतः मोजावा. संगणकाचे बाहेरचे तोंड आणि आतले तोंड एका वायरने जोडा, एक टिकटिक बाहेर पाठवा आणि ती किती उशिरा परत येते ते लहरींच्या आलेखावर पाहा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि उपकरण वापरण्यापूर्वी ते तपासायचे असते हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

सूपरलूपरमधली आणखी एक जुनीच सोय विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. थर चढवताना आधीच्या थरांचा आवाज दर फेरीला किती प्रमाणात शिल्लक राहावा हे ठरवता येते. हे प्रमाण ०.९ ठेवले तर दोन फेऱ्यांनंतर आवाजाचा आयाम ०.८१, तीन फेऱ्यांनंतर सुमारे ०.७३ आणि सात फेऱ्यांनंतर सुमारे ०.४८ उरतो. म्हणजे जवळजवळ सात फेऱ्या हे त्या आवाजाचे अर्धायुष्य. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास फळ्यावर शिकवताना जो आलेख आपण काढतो, तो इथे कानाने ऐकता येतो.

उरलेल्या अपूर्णांकाचे काय करायचे?

दुसरी चूक उशिराची नाही, हिशोबाची आहे. समजा लय मिनिटाला १३० मात्रांची आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर एका मात्रेत २०,३५३.८४६ नमुने येतात. नमुना अर्धा घेता येत नाही, म्हणून एखाद्या बेसावध आज्ञावलीने २०,३५४ धरले. दर मात्रेला फक्त ०.१५४ नमुन्याची चूक झाली. पण तासाभरात ७,८०० मात्रा होतात आणि चूक १,२०० नमुन्यांची, म्हणजे सुमारे २७ मिलिसेकंदांची होते. दुसरे वाद्य बरोबर हिशोब ठेवत असेल, तर हा फरक कानाला कळू लागतो.

असा अपूर्णांक आपल्या पंचांगकर्त्यांना फार पूर्वीपासून परिचित आहे. बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवस कमी. हा फरक सोडून दिला असता तर दिवाळी फिरत फिरत पावसाळ्यात आली असती. तो सोडला नाही, साठवला, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना धरून हिशोब जुळवला. उरलेला अपूर्णांक फेकायचा नाही, लिहून ठेवायचा, हे त्यातले तत्त्व.

आर्डर हे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले ध्वनिमुद्रणाचे मोठे सॉफ्टवेअर. त्याची ७.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तेव्हा सर्वांचे लक्ष वेधले ते लूपच्या तुकड्यांसाठी केलेल्या नव्या पानाने. चौकटींच्या जाळीत ध्वनीचे तुकडे ठेवायचे, हव्या त्या चौकटीवर टिचकी मारली की तो तुकडा फिरू लागतो, आणि तो संपल्यावर पुढे कोणता लावायचा हेही आधी ठरवून ठेवता येते. 'एबलटन लाइव्ह' या विकाऊ सॉफ्टवेअरने २००१ पासून लोकप्रिय केलेली ही रीत आता मुक्त स्रोतातही आली.

आमच्या मते त्या आवृत्तीतली अधिक मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आर्डरने वेळ मोजण्याची पद्धतच बदलली. आधी संगीतातली जागा आणि नमुन्यांची संख्या यांचे एकमेकांत रूपांतर होताना अपूर्णांक कापले जात. आता ध्वनीची वेळ आणि संगीताची वेळ वेगवेगळी ठेवली जाते आणि दोन्ही पूर्णांकांत असतात. ध्वनीच्या घड्याळात एका सेकंदाचे २८,२२,४०,००० भाग आहेत. हा आकडा विचित्र वाटतो, पण वर्गात मुलांना त्याला ४४,१०० ने, ४८,००० ने आणि ९६,००० ने भागायला सांगा. उत्तरे ६,४००, ५,८८० आणि २,९४० येतात; बाकी काहीच उरत नाही. प्रचारातल्या नमुनावेगांना निःशेष भाग जाईल अशी संख्या मुद्दाम शोधलेली आहे. लसावि कशासाठी शिकायचा असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ठेवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडले नाही.

संगीताच्या घड्याळात एका मात्रेचे १,९२० भाग आहेत. १,९२० म्हणजे २ चा सातवा घात गुणिले ३ गुणिले ५. त्याला ३, ४ आणि ५ यांनी पूर्ण भाग जातो, पण ७ आणि ९ यांनी जात नाही. आपल्याकडच्या लयीच्या भाषेत सांगायचे तर तिस्र, चतस्र आणि खंड जाती या घड्याळात नेमक्या बसतात. मिश्र आणि संकीर्ण बसत नाहीत. गंमत अशी की ध्वनीच्या घड्याळात ७ हा अवयव आहे, कारण ४४,१०० हा २१० चा वर्ग आहे आणि २१० ला ७ ने भाग जातो. अर्थात मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत १,९२० पैकी एक भाग पाव मिलिसेकंदाएवढा असतो. तेवढी चूक कोणाच्याही कानाला कळणार नाही. म्हणून आम्ही याला दोष म्हणत नाही. पण मोजपट्टी आखणारा माणूस कोणते संगीत डोळ्यांपुढे ठेवून ती आखतो, हे या संख्येवरून दिसते. आज्ञावली उघडी आहे म्हणूनच ती संख्या आपल्याला वाचता आली.

उशीर झाला हे सांगणारे यंत्र

सॉनिक पाय हे मुळातच शाळेसाठी जन्मलेले सॉफ्टवेअर. केंब्रिज विद्यापीठात सॅम एरन यांनी २०१२ साली रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकासाठी त्याची सुरुवात केली. यात बटणे दाबून संगीत करत नाहीत. आज्ञा लिहून करतात. 'हा स्वर वाजव, अर्धी मात्रा थांब, तो स्वर वाजव' अशा ओळी लिहून त्यांना लूपमध्ये घालायचे. लूप फिरत असतानाच ओळी बदलता येतात आणि पुढच्या फेरीपासून बदल ऐकू येतो.

'अर्धा सेकंद थांब' ही आज्ञा दिसते तितकी सरळ नाही. स्वर वाजवण्याची तयारी करायला संगणकाला समजा २ मिलिसेकंद लागले आणि मग तो ५०० मिलिसेकंद थांबला, तर एक फेरी ५०२ ची झाली. शंभर फेऱ्यांत २०० मिलिसेकंदांचा उशीर होईल. एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय केला. सॉनिक पाय मनात एक आदर्श घड्याळ ठेवते, कामात गेलेला वेळ थांबण्याच्या वेळातून वजा करते आणि शिवाय आवाज अर्धा सेकंद पुढचे नियोजन करून सोडते. आणि काम इतके वाढले की वेळ पाळणे अशक्य झाले, तर पडद्यावर तशी सूचना देते; फारच मागे पडले तर तो लूप थांबवून टाकते. स्वतःची चूक दुरुस्त करणारे आणि करता आली नाही तर कबूल करणारे यंत्र आम्हाला फार आवडले.

त्या अर्ध्या सेकंदाची किंमत मात्र आहे. बाहेरून मूल कळ दाबत असेल तर अर्ध्या सेकंदाने येणारा आवाज निरुपयोगी. २०१७ च्या ३.० आवृत्तीत बाहेरची वाद्ये आणि मायक्रोफोन जोडण्याची सोय आली, तेव्हा अशा लूपपुरते हे आगाऊ नियोजन बंद करण्याची आज्ञाही देण्यात आली. आणखी एक अडचण आपल्या बाजूची: सर्व आज्ञा इंग्रजी शब्दांत आहेत. मराठी माध्यमाच्या पाचवी-सहावीच्या मुलांना शिक्षकाने त्या आधी फळ्यावर समजावून द्याव्या लागतील.

२०२२ च्या ४.० आवृत्तीत सॉनिक पायमध्ये 'लिंक' ही सोय आली. एबलटन कंपनीने २०१६ साली तिची आज्ञावली खुली केली होती. एकाच जाळ्यातले संगणक तिच्यामुळे एकमेकांना लय आणि मात्रेची जागा कळवत राहतात. त्यांत कोणी म्होरक्या नसतो. कोणीही लय बदलली की सगळ्यांची बदलते. ती नसेल तर काय होते? प्रत्येक संगणकाचे घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. एकाचे घड्याळ दहा लाख सेकंदांत ५० सेकंद पुढे जाणारे आणि दुसऱ्याचे तितकेच मागे पडणारे असेल, तर दहा मिनिटांत दोघांत ६० मिलिसेकंदांचे अंतर पडते. राइक यांच्या टेपरेकॉर्डरचीच ही गोष्ट, फक्त सावकाश घडणारी. लिंक हे अंतर पडू देत नाही. आमची सूचना एवढीच की वर्गात ती लगेच चालू करू नये. आधी दोन संगणक मोकळे सोडून मुलांना सरकणारे लूप ऐकू द्यावेत, अंतर मोजू द्यावे आणि मग लिंक चालू करावी. रोग पाहिल्याशिवाय औषधाचे महत्त्व कळत नाही.

इथे आमचा आक्षेप सुरू होतो

आतापर्यंतच्या सोयी यंत्राची चूक यंत्रानेच निस्तरण्याच्या होत्या. पण सर्वांत जास्त कौतुक ज्या सोयींचे होते, त्या वेगळ्या जातीच्या आहेत. पहिली म्हणजे क्वांटाइझ. ती चालू असली की मुलाने कळ केव्हाही दाबली तरी लूप नेमक्या हद्दीवरच, बहुधा आवर्तनाच्या आरंभी, सुरू होतो. कळ जराशी आधी दाबली गेली तर यंत्र थोडे थांबते आणि समेवर सुरू करते. जराशी उशिरा दाबली गेली तर पुढच्या समेपर्यंत थांबते. कसेही झाले तरी ऐकणाऱ्याला सम बिनचूकच मिळते. ही सोय सूपरलूपरमध्येही आहे आणि आर्डरच्या नव्या पानावरही आहे. दुसरी सोय आर्डरच्या तुकड्यांची: मुलाने तुकडा ९६ च्या लयीत वाजवला असेल आणि गाणे १०० चे असेल, तर स्वर न चढवता तुकडा आक्रसून १०० मध्ये बसवता येतो.

या सोयी तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहेत, यात शंका नाही. रंगमंचावर त्या वरदान ठरतात. ज्या मुलाचा हात थरथरतो किंवा ज्याला बोटे नीट हलवता येत नाहीत, त्याला त्यामुळे चार जणांत वाजवता येते. त्याच्यासाठी त्या चालू असाव्यातच. आमचा आक्षेप त्या असण्याला नाही, शिकण्याच्या पहिल्या तासापासून त्या चालू ठेवण्याला आहे. का, ते एका प्रसंगाने सांगतो.

एका शाळेत नववीच्या बारा मुलांबरोबर आम्ही दोन दिवस हा प्रयोग केला. पहिल्या दिवशी क्वांटाइझ चालू होते. बाराही मुलांचे लूप सुरेख फिरले. तबला शिकणारा मुलगा आणि कधी टाळीही न वाजवलेला मुलगा यांच्यात काहीच फरक उरला नाही. सगळे खूष झाले. आम्हीही झालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती सोय काढली आणि काम सोपे केले. संगणक ठोके देत राहील. मुलांनी बाकावर बोटाने टिचकी मारून त्यावर थर चढवायचा आणि मग दोन्ही आवाजांचे आलेख शेजारी ठेवून बघायचे. पहिल्या फेरीत बहुतेकांच्या टिचक्या १०-१५ मिलिसेकंद उशिरा दिसल्या. चांगलेच आहे, असे म्हणून आम्ही पुढे जाणार होतो. तेवढ्यात आठवले की त्या संगणकाचा उशीर आम्ही वजाच केलेला नव्हता. वायर जोडून मोजला तो सुमारे ५० मिलिसेकंद निघाला. तो आकडा भरला आणि चित्र उलटले. मुले उशिरा येत नव्हती. ठोक्याच्या ३५-४० मिलिसेकंद आधी येत होती. यंत्राची चूक आणि माणसाची चूक विरुद्ध दिशांनी जाऊन एकमेकींना झाकत होत्या. आम्हाला, पदव्या घेतलेल्या माणसांना, त्या वेळी जरा ओशाळल्यासारखे झाले.

एक मुलगी आलेखाकडे बघत बसली होती. तिने पुन्हा करून पाहिले, मग पुन्हा. प्रत्येक वेळी आधीच. ती म्हणाली, "सर, मला तर वाटतं मी बरोबर ठोक्यावर मारतेय. मग मी रोज आधीच कशी येते?"

हा प्रश्न फार मोलाचा आहे. माणूस नियमित ठोक्याबरोबर बोट आपटू लागला की सरासरीने काही दहा मिलिसेकंद आधीच आपटतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. संगीत शिकलेल्यांमध्ये हे अंतर कमी असते. बोटाच्या टोकाकडून मेंदूपर्यंत संवेदना पोचायला कानाकडून येणाऱ्या संवेदनेपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मेंदू दोन्हींची गाठ घालण्यासाठी बोटाला आधी सोडतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण तेवढ्याने सगळ्या निरीक्षणांचा उलगडा होत नाही आणि संशोधन चालू आहे. म्हणजे नववीतली मुलगी बाकावर बोट आपटून थेट एका खुल्या प्रश्नापाशी पोचली होती. पहिल्या दिवशी तीच मुलगी, तेच बोट आणि तोच मेंदू होता. पण यंत्राने तिची नोंद आधीच 'नीट' करून टाकली होती, त्यामुळे विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

निकाल

आमच्या कसोटीवर सॉनिक पाय पहिले येते, कारण ते स्वतःचा उशीर सावरते आणि सावरता आला नाही तर सांगते. सूपरलूपरचा पडदा जुन्या वळणाचा आहे आणि लिनक्सवर ते ज्या 'जॅक' या ध्वनिव्यवस्थेवर चालते ती समजून घ्यायला एक दुपार लागते. पण मुलाने जसे वाजवले तसेच टिपून ऐकवण्यात ते सर्वांत सरळ आहे. आर्डरचा हिशोब सर्वांत काटेकोर आहे. त्याचे तुकड्यांचे पान मात्र मुख्यतः तयार तुकडे मांडण्यासाठी आहे, म्हणून ते वरच्या वर्गांना आणि संमेलनाच्या कामाला द्यावे. खर्चाबद्दल एक खुलासा: आर्डरची आज्ञावली मुक्त आहे, पण विंडोज आणि मॅकसाठी तयार बांधलेली प्रत त्याच्या कर्त्यांकडून घेताना पैसे द्यावे लागतात. बऱ्याच लिनक्स व्यवस्थांमध्ये ते विनामूल्य मिळते.

सॉफ्टवेअर रचणाऱ्यांकडे आमची एक मागणी आहे. क्वांटाइझ चालू असतानाही मुलाने कळ खरोखर केव्हा दाबली, हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवावा: 'समेच्या ४० मिलिसेकंद आधी'. लूप बिनचूक फिरू द्या, पण मूळ नोंद पुसू नका. प्रयोगवहीतही खोडलेला आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून खोडायचा असतो. मुक्त स्रोतात अशी मागणी नुसती करून थांबावे लागत नाही. संगणक शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतले तर तो ही भर स्वतः घालू शकतो, आणि त्याचे काम चांगले असेल तर ते सगळ्यांच्या उपयोगी पडू शकते.

शिक्षकांनी तोपर्यंत एवढे करून पाहावे. उशीर मोजून वजा करा, क्वांटाइझ बंद ठेवा, प्रत्येक मुलाकडून वीस टिचक्या घ्या आणि त्यांचा स्तंभालेख काढा. तबला किंवा ढोलकी शिकणाऱ्या मुलांचा आलेख वेगळा काढा. आठवडाभर रोज सराव करून तो सरकतो का ते पाहा. आमच्या त्या मुलीने घरी जाऊन आजीला टिचक्या मारायला लावल्या आणि आकडे वहीत उतरवून आणले. आजी आयुष्यभर भजनात टाळ धरत आलेली. तिचे अंतर नातीच्या निम्म्यानेही नव्हते. का, हा प्रश्न आता ती मुलगी आम्हाला विचारत नाही. स्वतःच टाळ शिकून बघते आहे.